अकरा चालू, बाकी काही नाही

राजेंद्रला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तो मला दिसलाच नाही.

डिसेंबर २००४. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मासळी गोठवण्याचा कारखाना होता. कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे होती आणि शीतगृहांच्या तापमानाची नोंदही. सर्व्हर तापमान आपोआप टिपायचा, पण मी रोज सकाळी जाडजूड जॅकेट चढवून आत जायचे आणि थर्मामीटर स्वतः वाचून यायचे. यंत्रावर विश्वास होता, पण पडताळून पाहिलेला बरा... पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलेल्या माणसाची ही सवय जात नाही.

उणे अठरा अंशांतून बाहेरच्या दमट हवेत आलं की चष्म्यावर क्षणात धुकं बसायचं. त्या दिवशीही बसलं. समोर निळसर शर्टाचा एक डाग तेवढा दिसत होता.

"सांभाळून," तो डाग म्हणाला. "पुढे दोन पायऱ्या आहेत."

"माहीत आहे मला. चार वर्षं इथेच उतरतेय."

"मग ठीक. मी आत्ताच पडलोय तिथे, म्हणून म्हटलं."

मी चष्मा काढून पुसला. उंच, सावळा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि उजव्या गुडघ्याला ओल्या बर्फाचा ठसा. मला हसू आलं. मी ते जॅकेटच्या कॉलरमध्ये लपवलं.

"पुण्याहून आलोय, सर्व्हरच्या तक्रारीसाठी," तो म्हणाला. "मोहिते मॅडम कुठे भेटतील?"

"चष्मा पुसतायत."

तक्रार अशी होती, की रोज दुपारी पावणेचारच्या सुमाराला आमचा सर्व्हर जड व्हायचा. वीस मिनिटं पडदे गोठायचे, मिरकरवाड्याच्या जेटीवरून आलेल्या मालाची नोंद अडकायची आणि मग सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. कारण कुणालाच सापडत नव्हतं.

राजेंद्र तांबे खुर्ची ओढून बसला. "डॉक्टर येईपर्यंत ताप उतरतो, तसलं दुखणं आहे हे," तो म्हणाला. "अशा वेळी नाडीवर बोट ठेवून बसायला कुणीतरी लागतं."

बोट ठेवणारे म्हणजे कलेक्टर. प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती उरलीय, डिस्कपुढे किती कामं ताटकळतायत, असं एकेक माप दर पंधरा सेकंदांनी टिपून ठेवणारी ही योजना सर्व्हरमध्येच असते. त्यानं अशी अकरा मापं लावली. आमचा कॉम्प्रेसर चालवणारा धाकू दारात उभा राहून ऐकत होता.

"अकरा कलेक्टर?" तो म्हणाला. "अख्ख्या रत्नागिरीला एक पुरतो हो."

मी पडद्याकडे पाहिलं. रोमन अक्षरांत नावं होती – विहिरीवरचा. वाकडा. आळशी. बांधावरचा. गंगा. प्रेमला...

"ही कसली नावं?"

तो जरा ओशाळला. "आमच्या आंब्यांची. अंजनवेलला आमची अकरा कलमं आहेत. क्रमांक दिले की मी विसरतो. नावं दिली की... विचारपूस करावीशी वाटते."

"आळशी का?"

"एक वर्ष धरतो, दोन वर्षं झोपतो. म्हणून मेमरीचं माप त्याच्या नावावर टाकलं."

"आणि गंगा, प्रेमला?"

"आजी आणि आई." तो टाइप करता करता सांगत होता, माझ्याकडे न बघता. "आजोबा मुंबईला गोदीत होते. परत येऊन कातळाची जमीन घेतली. पहारीनं स्वतः बारा खड्डे फोडले. घरात सून आली की तिच्या हातानं एक कलम लावायचं आणि त्याला तिचं नाव द्यायचं, असं आजीनं ठरवून टाकलं. पहिलं स्वतःचंच लावलं."

"बारा खड्डे आणि अकरा कलमं?"

"एक रिकामा आहे," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, दोघंही एकदम पडद्याकडे बघू लागलो.

जाताना त्यानं एक आज्ञा कागदावर लिहून दिली, 'लॉगमन क्वेरी'. काळ्या खिडकीत ती टाइप केली की सगळ्या कलेक्टरांची यादी यायची. नाव, प्रकार, आणि चालू की बंद. रोज सकाळी ही यादी मला मेल करा, तो म्हणाला. वीज गेली की एखादा बंद पडतो, तो पुन्हा सुरू करायला लागतो.

आठवडाभर मी आज्ञा हातानं दिली. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. सकाळी नऊ वाजता ती स्वतःच यादी मागवायची, शीर्षकाची ओळ आणि शेवटची 'आज्ञा पूर्ण झाली' ही ओळ गाळायची आणि नीटस यादी मेलमध्ये ठेवायची. गाळण्यासाठी मी एक सोपी अट घातली होती. ज्या ओळीत 'चालू' आहे, तेवढ्याच ओळी घ्यायच्या. जो यादीत नाही तो बंद. अकरा नावं पाठ आहेत, एक कमी दिसलं तरी कळेल. मला त्या अटीचं कौतुक वाटलं होतं.

यादी त्यालाही आवडली. साडेनऊला फोन आला.

"यादी सुंदर झालीय, मॅडम. वर-खालचा कचरा गेला."

"मेल मिळाला ना? मग फोन?"

"मेलवर अक्षरं दिसतात. खात्री तोंडून ऐकल्यावर होते. विहिरीवरचा?"

"चालू."

"वाकडा?"

"चालू."

"आळशी?"

"रात्री वीज गेली होती. झोपला होता. आत्ता उठवलं."

पलीकडे तो हसला. मग रोज साडेनऊला फोन येऊ लागला. नऊ पंचवीसला माझं थर्मामीटर वाचून व्हायचं. आधी ते पावणेदहापर्यंत चालायचं; कधी लवकर आटपायला लागलं ते माझं मलाच कळलं नाही. एका सकाळी तो 'मोहिते मॅडम'ऐवजी नुसतं 'करुणा' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

जानेवारीत तो महिन्याभराच्या नोंदींचे आलेख घेऊन आला. विचित्र चित्र होतं. पावणेचारला प्रोसेसर निवांत, मेमरी मुबलक, पण डिस्कपुढे रांग लागलेली.

"काम नाही, आणि तरी रांग," राजेंद्र म्हणाला. "डिस्क वाचता वाचता चुकते आणि पुन्हा वाचते, असं दिसतंय. पण का?"

मी बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिले. मग उठून चहाची बशी आणली, तिच्यात पाणी ओतलं आणि सर्व्हरच्या कपाटावर ठेवली.

"हे काय?"

"चार वाजेपर्यंत थांबा."

पाणी स्थिर होतं. त्यात ट्यूबलाइटची एक सरळ पांढरी रेघ पडली होती. आम्ही दोघं बशीवर वाकून उभे होतो, इतके जवळ, की त्याच्या शर्टाला येणारा साबणाचा वास मासळीच्या वासातूनही वेगळा कळत होता. बोललो तर पाणी हलेल म्हणून बोलत नव्हतो... निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

पावणेचारला भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. ट्यूबलाइटची रेघ थरथरली, मोडली, आणि बशीभर बारीक बारीक वलयं उमटली.

"धाकू," मी हाक मारली, "आत्ता काय सुरू केलंत?"

"दुसरा कॉम्प्रेसर," धाकू पलीकडून ओरडला. "जेटीवरचे ट्रक आले की लावतो ना रोज. थंडी कमी पडते."

"आणि बंद?"

"वीस मिनटांनी. का, काय झालं?"

राजेंद्र बशीकडे बघत होता. मग माझ्याकडे बघू लागला. "अकरा कलेक्टर लावले मी," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही एक बशी."

"तुमच्या अकरांनी वेळ आणि डिस्क सांगितली. नाहीतर बशी कुठे ठेवायची ते कसं कळलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हर कॉम्प्रेसरच्या हादऱ्यांपासून लांब, समोरच्या भिंतीला हलवला. धाकूनं ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून कपाटाखाली घातले. त्या दुपारी पावणेचार कधी वाजून गेले, कुणाला कळलंही नाही.

खूश व्हायला हवं होतं. मी खूश होतेही. पण दुखणं बरं झाल्यावर डॉक्टर कशाला येईल? देखभालीचा करार एकतीस मार्चपर्यंत होता आणि कंपनी तो पुढे वाढवणार नव्हती. हे मला माहीत होतं, त्यालाही.

फेब्रुवारीत तो शेवटची तपासणी करायला आला. बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोहोराचा एक तुरा निघाला.

"प्रेमलाचा," तो म्हणाला. "आईला न विचारता तोडलाय. म्हणजे दोन्ही आयांना."

मी तो त्याच बशीत ठेवला. खोलीभर तो तुरट-गोड वास पसरला. थर्मामीटर वाचायची वेळ झाली म्हणून मी शीतगृहात गेले. परत आले तेव्हा तो सर्व्हरसमोरून उठत होता. कान लाल झालेले. थंडीतून तर मी आले होते.

"निघतो," तो म्हणाला. दारापाशी थांबला. "करुणा... उद्याची यादी नीट बघा. आणि काय ते कळवा. काहीही असलं तरी चालेल."

चष्म्यावरच्या धुक्यात त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही. पुसेपर्यंत तो दोन पायऱ्या उतरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी यादी नीट पाहिली. दोनदा पाहिली. अकरा ओळी, अकरा नावं. सर्व्हर हलवल्यावर एखादं माप बिघडलंय का, याची त्याला काळजी असेल, असं मला वाटलं. मी मेलमध्ये माझ्या पद्धतीनं नेमकं लिहिलं: "यादी नीट पाहिली. अकराच्या अकरा चालू. बाकी काही नाही."

साडेनऊला फोन वाजला नाही. पावणेदहालाही नाही.

तीन दिवसांनी वाजला. "मोहिते मॅडम," तो म्हणाला, "मेल मिळाला. धन्यवाद." आवाजात राग नव्हता. राग असता तर विचारता आलं असतं. त्यानंतर त्यानं कधी आळशीची चौकशी केली नाही. तुऱ्यातला मोहोर गळत गेला. मी रोज बशीभोवतालची ती भुकटी पुसत होते आणि स्वतःला समजावत होते, की काम संपलं की माणसं अशीच दूर होतात. माझं गृहीतकच चुकलं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा अखेरचा फोन आला. "मला बंगलोरला पाठवतायत. दोन वर्षांसाठी. सोमवारी, चार तारखेला हजर व्हायचंय. एकतीसला तुमच्याकडचे सगळे कलेक्टर तेवढे काढून टाका. आज्ञा मेलमध्ये लिहिलीय."

"सगळे?"

"आता कशाला हवेत?"

एकतीस मार्च. गुरुवार. दुपारी मी काळी खिडकी उघडून बसले. बांधावरचा... काढला. विहिरीवरचा... काढला. धाकू दारात आला. "काय गो पोरी, डोळे लाल?"

"अमोनिया," मी म्हटलं.

"अमोनिया माज्याकडं असतो, कॉम्प्रेसरात," धाकू म्हणाला आणि निघून गेला.

शेवटी आळशी काढला. मग स्क्रिप्ट चालवली. यादी कोरी आली. इथेच मी उठायला हवं होतं. पण माझी स्क्रिप्ट सांगते म्हणून मी खरं मानत नाही. पडताळून पाहायचं, म्हणून मी त्याच्या कागदावरची मूळ आज्ञा हातानं टाइप केली. लॉगमन क्वेरी.

वर शीर्षक आलं. खाली 'आज्ञा पूर्ण झाली' आलं. आणि मध्ये एक ओळ होती.

करुणा. बंद.

मला काही क्षण ते माझं नाव वाटलंच नाही. मग मी त्या एकट्या कलेक्टरचा तपशील मागवला. त्यात एकच माप होतं. सर्व्हर सुरू झाल्यापासून न थांबता किती वेळ चालला, ते सेकंदांत मोजणारं. बाकी काही नाही.

बारावा खड्डा.

मग सगळं एकामागोमाग एक जुळत गेलं, गणित उलट बाजूनं सोडवावं तसं. त्यानं नाव लावलं, पण सुरू केलं नाही. माझी अट चालू असलेलेच दाखवत होती. दुसऱ्या दिवशीच्या यादीत त्याला अकराच नावं दिसली. मी बारावं पाहिलं आणि काढून टाकलं, असंच तो समजला असणार. वर माझा तो नेमका मेल, 'यादी नीट पाहिली. बाकी काही नाही.'

बारा वाजून चाळीस मिनिटांनी मी ते सुरू केलं. स्क्रिप्ट चालवली. आता यादीत एक ओळ होती. मेल पाठवला आणि लगेच पुण्याला फोन केला.

"तांबे आजच मोकळे झाले," तिथली मुलगी म्हणाली. "त्यांचा मेल बंद केलाय. मोबाइल कंपनीचा होता, तो परत दिला. आता गावी गेलेत, तिथूनच परवा-तेरवा निघतील. काही निरोप होता का?"

"नाही," मी म्हणाले. असला निरोप तिसऱ्या माणसाजवळ कसा देणार?

दर शनिवारी मी देवरूखला घरी जायचे. त्या शनिवारी गेले नाही. रविवारी पहाटेची गुहागर गाडी पकडली. हातात पर्स, आणि पर्समध्ये दोन्ही कडांना भोकं असलेल्या छपाईच्या कागदाची एक घडी. आयुष्यात कुणाला न कळवता मी कुठे गेले नव्हते. गुहागरला गाडी बदलताना परतीची गाडी कुठे लागते तेही विचारून ठेवलं.

अंजनवेलला तांब्यांचं घर सापडलं. अंगणात एक बाई पेंढ्यावर आंबे मांडत होत्या.

"कोण गो तू? कुणाकडं आलीस?"

"राजेंद्र... तांबे आहेत का? रत्नागिरीच्या कारखान्यातून आलेय. एक यादी द्यायची होती."

"आयतवारची? कारखान्याला सुट्टी नाय?"

"आहे."

त्यांनी हातातला आंबा खाली ठेवला आणि मला जरा निरखून पाहिलं. "मागं गेलाय, वाकड्यावर. थांब, दाखवते. तुला कुठला कळणार वाकडा."

"कळेल मला," मी म्हणाले.

आणि कळलाच. तापलेल्या कातळावर अकरा कलमं उभी होती, आणि मी एकेकाला नावानं ओळखत गेले. विहिरीवरचा विहिरीवर वाकून होता. बांधावरचा बांधावर. पानन्‌पान हिरवं आणि फळ एकही नाही, तो आळशी. माझ्या मागून येणारी पावलं कधीच थांबली होती.

वाकड्यावर तो होता. हातात आंबे उतरवायचा झेला, डोक्याला रुमाल. मला पाहून त्याच्या हातातला आंबा झेल्याबाहेर पडला.

"मोहिते मॅडम?"

"खाली या. यादी आणलीय."

तो उतरला. हाताला चीक लागलेला, म्हणून कागद मीच उघडून धरला. त्यानं ती एक ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"हे... कधीपासून चालू आहे?"

"गुरुवारी दुपारी बारा चाळीसपासून."

"पण तुम्ही तर फेब्रुवारीतच काढून टाकलं होतं."

"मला दिसलंच नव्हतं. माझी स्क्रिप्ट फक्त चालू असलेले दाखवते. तुम्ही ते बंद ठेवलं होतं."

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं सुरू करणार?"

मी चष्मा काढून पुसला. त्यावर धुकं नव्हतं, तरी पुसला.

"दीड महिना," तो म्हणाला. "दीड महिना मी बंगलोर मागून घेत होतो. पुण्यात साडेनऊ वाजायचे, आणि फोन समोरच असायचा."

"माझ्याही समोर असायचा."

"मग तू केला का नाहीस?"

तो 'तू' म्हणाला, ते त्यालाही उशिरा कळलं.

"मला वाटलं, काम संपलं," मी म्हणाले.

त्यानं चिकाचा हात शर्टाला पुसला आणि कागदाचं दुसरं टोक धरलं. कडेची भोकाभोकांची पट्टी आमच्या दोघांच्या बोटांत आली.

"बाकी काही?" त्यानं विचारलं.

"बाकी काही नाही," मी म्हणाले.

विहिरीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या आईनं हाक दिली, "काय रे, यादीत काय चुकलंय काय?"

"नाही आई," राजेंद्र म्हणाला. त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. "एक नाव वाढलंय."

तो त्याच रात्रीच्या गाडीनं बंगलोरला गेलाच. सोमवारी मी कामावर गेले, आणि सगळ्यात आधी स्क्रिप्टमधली ती अट काढून टाकली. यादीला पुन्हा वर शीर्षक, खाली 'आज्ञा पूर्ण झाली' यायला लागलं. दिसायला गबाळी झाली, पण राहू दिली. साडेनऊला फोन यायचा, आता एकाच नावाची चौकशी करायला.

बाराव्या खड्ड्यात कलम लागलं ते पुढच्या वर्षी जूनमध्ये, माझ्या हातानं. त्याला फळ धरायला सहा वर्षं गेली. तोवर दर मार्चला सासूबाई अंगणातून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "करुणाला यंदा पण काय नाय." मी घरात पोळ्या लाटत असायचे, आणि राजेंद्र आळशीखाली बसून हसत असायचा.